गोल्फ खेळून मी कायम झालो

चहा आधी संपवा. मागं हाच किस्सा सांगताना महाडच्या एका वकिलांनी अख्खा पेला पांढऱ्या धोतरावर सांडला होता, आणि त्यांच्या बायकोनं दोष मला दिला. बरोबरच दिला म्हणा. या किश्शातला झाडून सगळा दोष माझाच आहे. दुसऱ्या कुणाला वाटून द्यायचा म्हटला तरी कुणी घेणार नाही!

तर ऐका. मी गोल्फ खेळलो आहे. हो, मी! आणि तोही पोलादपुरात! हसताय काय? अजून तर मी चेंडूला हातही लावला नाही.

त्या वेळी मी पोलादपुरात रस्त्यांच्या कचेरीत हंगामी कारकून होतो. हंगामी म्हणजे काय, ते भोगलेल्यालाच ठाऊक. काम कायमवाल्याच्या दुप्पट, खुर्चीला पाठ नाही, आणि रविवारी कचेरी राखायला आम्हीच. मला कायम करावं असा एक कागद साहेबांच्या टेबलावर आठ महिने पडून होता. अगदीच वाया गेला असं नाही हं, साहेब त्यावर चहाचा पेला ठेवायचे. सही तेवढी राहिली होती.

इकडं माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, नाते गावी. मुलगी झाली, बारसं झालं, पाच महिने उलटले, तरी सासरे तिला पाठवायला तयार नाहीत. मी न्यायला गेलो तर ओटीवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत म्हणाले, "हंगामी जावयाकडं मी पोर धाडायचा नाय. तुमचं आज हाय, उद्या नाय. कायम व्हा, त्याच दिवशी मी गाडी जुंपतो."

मुलगी मी एकदाच पाहिली होती, तीही झोपलेली. तिचे डोळे कसे आहेत ते मला ठाऊक नव्हतं. मी सगळं हसण्यावारी नेतो, पण ही गोष्ट मला फार लागायची. सगळं अडलं होतं ते त्या एका सहीपाशी.

आता साहेब. साहेब म्हटल्यावर तुम्ही गोरा माणूस डोळ्यांपुढं आणला असेल. छे हो! आपलेच, पुण्याचे. पण तीन वर्षं विलायतेत राहून आलेले, त्यामुळे आपलं ऊन, आपला धुरळा आणि आपली माणसं यांचं त्यांना रोज नव्यानं आश्चर्य वाटायचं. येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या. एक पाइप आणि दुसरा गोल्फ. पाइप त्यांचा कधी पेटलेला मी पाहिला नाही. गोल्फाचं पुढं येईलच.

भातकापणी झाली की बंगल्याखालची खाचरं मोकळी होतात. त्या खाचरांत साहेबांनी पाच ठिकाणी वाटीएवढे खळगे खणून घेतले आणि प्रत्येकात लाल फडकं लावलेली एकेक काठी रोवली. गावाला वाटलं, नवा रस्ता इथून जाणार! दोघांनी तर हरकतीचे अर्ज आणून दिले. ते मीच घेतले आणि पोचही दिली.

खाचरं होती धोंडूतात्यांची. साठीचा माणूस, जमीन स्वतःची, पण साहेबांनी त्यांना त्यांच्याच जमिनीत काठ्यांची पिशवी उचलून हिंडायला ठेवलं होतं. मधल्या एका खाचरात तात्यांनी वाल पेरला होता. साहेबांनी 'तो खेळातला अडथळा समजू' म्हणून मोठ्या मनानं तसाच राहू दिला. तात्यांच्या शेतात तात्यांचा वाल राहू दिला, बघा उदारपणा!

त्या रविवारी मी कचेरीत एकटा. साहेबांचे सासरे पुण्याहून आले होते. रावबहादूर होते ते, मोठे गोल्फ खेळणारे. आता गुडघा धरल्यामुळे नुसते बघणारे. जावयाचा खेळ बघायला मुद्दाम आले होते. साहेबांशी नेहमी खेळायचे ते महाडचे डॉक्टर, पण ते ऐन वेळी दासगावला रोग्याकडं गेले. साहेबांना जोडीदार नाही! सासऱ्यांसमोर एकट्यानं खेळायचं तरी कसं?

साहेब कचेरीच्या दारात येऊन म्हणाले, "इथं कुणाला गोल्फ येतो?"

आता खोलीत मी आणि भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ शहाणं, ते गप्प राहिलं. मी हात वर केला.

"कुठं खेळलात?"

"मुंबईला, साहेब."

मुंबईला मी मामाकडं राहिलो होतो आणि एकदा एका मैदानाच्या कुंपणातून पाऊण तास गोल्फ पाहिला होता. पाहिला म्हणजे, माझ्या पुढं एक जाडा माणूस उभा होता, त्याची पाठ पाहिली. पाठीच्या पलीकडं गोल्फ चालला होता. पण साहेबांचा जोडीदार व्हायचं, साहेबांना खूश करायचं, आणि तो चहाचे डाग पडलेला कागद पुढं सरकवायचा, एवढं सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात शिरलं. मुलीचे डोळेही शिरले.

शिवाय मनात म्हटलं, त्यात कठीण ते काय? काठीनं चेंडू मारायचा! महाडच्या शाळेत विटीदांडूत माझा हात धरणारा कुणी नव्हता. माझी विटी एकदा मास्तरांच्या ओसरीवर जाऊन पडली होती. मास्तरांनी तिचं अंतर माझ्या पाठीवर मोजलं, ही गोष्ट वेगळी.

आम्ही पहिल्या खाचरात उतरलो. मी धोतर वर खोचलेला आणि साहेब गुडघ्यापर्यंतच्या विजारीत. रावबहादूर छत्री आणि वही घेऊन बांधावरनं चालू लागले. म्हणाले, "फटके मी मोजणार. प्रत्येक खळग्याचे वेगळे. आणि खेळताना कुणी अवाक्षर बोलायचं नाही, हा गोल्फाचा पहिला नियम!"

दुसरा नियम त्यांनी सांगितला नाही. सांगायची गरजच काय? मी मुंबईला खेळलेला माणूस!

तात्यांनी मातीचा इवलासा लाडू वळला आणि त्यावर माझा चेंडू ठेवला. मी डोळे मिटले, विटी कोलावी तसा दांडा फिरवला. खाडकन आवाज झाला! डोळे उघडले तर चेंडू बांधावर आदळून खालच्या खाचरात, तिथून उडी मारून त्याच्या खालच्या खाचरात, आणि लोळत लोळत लाल फडक्यापासून चार हातांवर जाऊन थांबला. दुसरा फटका जरा लांब गेला. तिसऱ्याला चेंडू खळग्यात.

साहेब अजून वरच्याच खाचरात माती उडवत होते.

शेवटी रावबहादुरांनी वाचलं, "कारकून तीन. जावईबापू सात."

तीन? आणि साहेबांचे सात? अहो, विटीदांडूत दांडे मोजतात, जास्त त्याची जीत. हुतुतूत गडी मोजतात, जास्त त्याची जीत. जन्मात मी जो जो खेळ पाहिला, त्यात जास्तवाला वरचढ. साहेब सातवर पोचले आणि मी तीनवर आटोपलो!

दुसऱ्या खळग्याला तर कहर झाला. चेंडू चुकून आंब्याच्या बुंध्यावर आदळला आणि उलटा नेमका फडक्याकडंच आला. माझे चार, साहेबांचे नऊ! साहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. मी समजलो, इतका रद्दी गडी गळ्यात पडल्याचा संताप असणार. साहेब पाइप चावत पुटपुटले, "सुरुवात फारच वाईट झाली."

मला राहवलं नाही. नियम मोडून मी म्हणालो, "काळजी करू नका, साहेब. मी पुढं भरून काढतो!"

साहेबांनी माझ्याकडं जे पाहिलं! मला वाटलं, विश्वास बसत नाही बिचाऱ्यांचा. दाखवतोच म्हटलं.

तिसऱ्या खळग्यापासून मी मन लावून खेळू लागलो. चेंडू सरळ फडक्याकडं मारायचा नाही, हे पहिलं. हळूच मारायचा, बाजूला मारायचा, परत मागं आणायचा. वालाच्या खाचरात नेला की एकेक फटका सहज मिळतो, ही युक्ती मला आपसूक सुचली. वालात शिरलो तो बाहेर येईना! मारतोय, वेल तुटताहेत, शेंगा उडताहेत, आणि मी मनात मोजतोय, नऊ, दहा, अकरा...

तात्या पिशवी टाकून धावत आले. कानाशी तोंड आणून म्हणाले, "भाऊसाहेब, येवढं कशाला मारताय? सायेब येवढं मारीत नाय."

"म्हणूनच तर मारतोय, तात्या!"

"अवो, पन कमी मारायचं असतं..."

"तात्या," मी म्हटलं, "तुम्ही पिशवी सांभाळा. गोल्फातलं तुम्हाला काय कळतंय?"

दोन महिने साहेबांच्या मागं रोज हिंडणारा माणूस तो! आणि त्याला हे सांगतोय कोण, तर मुंबईच्या एका जाड्या माणसाच्या पाठीचा जाणकार. तात्यांनी पिशवी उचलली. एवढंच म्हणाले, "माजा वाल हाय तो. जरा पाय बघून टाका."

"कारकून एकोणीस," रावबहादूर वरून म्हणाले. त्यांनी चष्मा पुसून घेतला होता. "जावईबापू सहा."

आणि साहेब हसले हो! त्या दिवशी पहिल्यांदा हसले. मी समजलो, गाडी रुळावर आली. गडी सुधारतोय म्हणून मालक खूश!

चौथ्या खळग्याच्या वाटेवर एक पऱ्या आहे, डोंगरातला ओढा. पावसाळ्यात तो माणूस वाहून नेतो, पण पौषात नुसते गोटे. मी चेंडू बरोबर त्या गोट्यांत उतरवला. अहाहा! काय जागा! मारावं तर चेंडू गोट्यावर आपटून परत पायाशी. पुन्हा मारावं, पुन्हा पायाशी. एक काठी वाकली, तात्यांनी मुकाट दुसरी दिली. घाम कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर येऊन टपकत होता. हाताला फोड आले. मी थांबलो नाही. एका सहीसाठी माणूस किती कष्ट करतो ते त्या पऱ्यानं पाहिलं आहे.

"एकतीस," रावबहादूर म्हणाले. त्यांचा आवाज चमत्कारिक येत होता, आणि छत्री हलत होती. "जावईबापू आठ."

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली! वर आपल्या बाटलीतलं लिंबाचं सरबत दिलं. हंगामी कारकुनाला! म्हणाले, "खचू नका. खेळात असं व्हायचंच. बरं, तुमचा तो कायमचा कागद आहे ना माझ्याकडं? उद्या बघू या."

उद्या! आठ महिने ज्याची वाट पाहिली तो उद्या माझ्यापुढं उभा होता. मला त्या खाचरात नाचावंसं वाटलं. नात्याहून निघालेली बैलगाडी दिसू लागली, तिच्यातली बायको आणि तिच्या मांडीवर जागी असलेली माझी मुलगी दिसू लागली.

आणि मग, घात झाला, मी हिशेब केला. तीन आणि चार सात, एकोणीस सव्वीस, एकतीस सत्तावन्न. साहेबांचे सगळे मिळून तीस. अरे देवा! मी सत्तावीसनं पुढं! साहेबांच्या सासऱ्यांसमोर, साहेबांच्याच खळग्यांत, मी साहेबांना धूळ चारत होतो! ते बिचारे मनाचे मोठे म्हणून सरबत पाजताहेत, पण रात्री सासरे टोमणे मारतील तेव्हा? उद्या त्या कागदावर सही कोण करील?

मी ठरवलं, शेवटचा खळगा साहेबांना सोडायचा. सोडायचा म्हणजे अगदी उघड सोडायचा, होता होईल तेवढे कमी फटके मारायचे. एवढी मोठी आघाडी भरून निघणार नव्हती, पण माझी नम्रता तरी दिसेल!

साहेबांनी पाचवा खळगा चार फटक्यांत घेतला. चार! त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत सुंदर खेळ असणार. त्यांनी सासऱ्यांकडं पाहून पाइप तोंडात धरला, आणि शपथ सांगतो, त्या पाइपमधून धूर निघाल्याचा मला भास झाला.

मला वाटलं, बिचारे चारवरच आटोपले, आता मी त्याहून खाली जायला हवं. मग मी शाळेतला तो जुना हात बाहेर काढला. पाय रोवले, श्वास धरला आणि मास्तरांच्या ओसरीची आठवण ठेवून असा टोला दिला की चेंडू तीन बांध ओलांडून फडक्याजवळ पडला. दुसऱ्याला खळग्याच्या काठावर. तिसऱ्याला नुसता ढकलला. टुप!

तात्यांनी कपाळावर हात मारून घेतला तेवढा आवाज आला.

"कारकून तीन," रावबहादूर म्हणाले, "म्हणजे एकूण खळगे कारकुनांचे तीन, जावईबापूंचे दोन. कारकून जिंकले."

"छे छे!" मी हात जोडून पुढं झालो. "रावबहादूर, काहीतरी चुकतंय. हा शेवटचा साहेबांचाच! मी तो मुद्दाम सोडला!"

साहेबांनी पाइप तोंडातून काढला. "मुद्दाम? आणि मधले दोन? ते एकोणीस आणि एकतीस?"

"ते तर साहेब, जीव तोडून मुद्दाम! फोड बघा हाताला!"

बघा, काय तो क्षण असेल! मी दोन्ही हात पुढं केलेले, साहेब माझ्या फोडांकडं पाहताहेत, आणि रावबहादूर छत्री मिटून बांधावर खाली बसलेले. त्यांना उभं राहवेना. डोळ्यांतलं पाणी पुसत ते म्हणाले, "अहो कारकून, या खेळात फटके कमी लागले तर खळगा आपला. जास्त लागले तर समोरच्याचा. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला धोंडूतात्यांच्या खाचरात कळलं.

आता मला दोनच वाटा होत्या. साहेबांची मुद्दाम थट्टा केली म्हणायचं, दोन खळगे भीक म्हणून टाकले आणि शेवटी चीत केलं म्हणायचं. नाहीतर खरं सांगायचं. मी आयुष्यात क्वचितच खरं बोलतो, आणि नेमकी वेळ चुकवून बोलतो.

"साहेब," मी म्हणालो, "मला गोल्फ येतच नाही. मी आज पहिल्यांदाच काठी हातात धरली."

साहेबांचा चेहरा पाहून माझ्या लक्षात आलं, पहिली वाट बरी होती. थट्टेखोर पट्टीच्या खेळाडूकडून हरणं निराळं. ज्याला खेळ येत नाही, जो वर हरायचा प्रयत्न करतोय, त्याच्याकडून हरणं, तेही सासऱ्यांच्या वहीत! तीन वर्षांची विलायत एका टोल्यात गेली.

तात्या पिशवी आवरत माझ्याशी हळूच म्हणाले, "मी सांगत व्हतो ना भाऊसाहेब, कमी मारायचं असतं. पन तुमाला माजा वालच खायाचा व्हता."

परतताना रावबहादूर दर दहा पावलांना थांबून हसत होते. बंगल्याच्या पायरीवर जावयाला म्हणाले, "हा माणूस सोडू नका हो. याला कायम करून टाका. नाहीतर पुण्यात मला ही गोष्ट पटवून द्यायला साक्षीदार कुठून मिळायचा?"

सासऱ्यांचा शब्द साहेबांना मोडवेना. सोमवारी कागद आला. चहाच्या डागांवर सही! कायम! मी तो कपाळाला लावला आणि मग खालची ओळ वाचली. 'नेमणूक: कशेडी घाट. काम: खडीचे ढीग मोजणे.'

कशेडी तुम्हाला ठाऊक आहे. नसेल तर जाऊ नका. दरड, धुकं आणि बिबट्या, तिन्ही नेमानं हजेरी लावतात. पण माझे सासरे शब्दाचे पक्के. कायम म्हणताच त्यांनी गाडी जुंपली. बायको घाटात उतरली, चहूकडं पाहिलं, आणि मुलगी माझ्या हातात देत म्हणाली, "तुम्ही साहेबांना खेळात हरवलंत म्हणे?"

"हो."

"मग बक्षीस काय मिळालं?"

"हेच."

मुलीचे डोळे मोठे आहेत, काळेभोर. माझ्याकडं टक लावून बघत होती, आणि मग खुदकन हसली. बापाची कर्तबगारी तिलाही कुणी आधीच सांगितली असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर रुजू झालो. तिथला ओव्हरसियर मला खडीचे ढीग दाखवत चालला होता. पन्नासेक ढीग असतील. पोळलेला माणूस मी, या खेपेला आधी विचारून घ्यायचं ठरवलं होतं. त्याला थांबवून मी अगदी हळू आवाजात विचारलं, "एक सांगा, इथं मोजताना जास्त भरलेलं चांगलं, की कमी?"

ओव्हरसियरनं हातातली वही मिटली. मग म्हणाला, "अहो, तुम्हाला कायम केलं तरी कुणी?"